साखरबाईचा पगार

लॅबमध्ये तिला सगळे साखरबाई म्हणायचे. एक तर तिच्या तोंडून कधी कडू शब्द निघालेला कुणी ऐकला नव्हता, आणि दुसरं म्हणजे दिवसभर ती ज्या पावडरीत ब्रश बुडवायची ती दिसायला थेट पिठीसाखरेसारखी होती. त्या पावडरीचे दात व्हायचे. डॉक्टरांकडून माणसाच्या जबड्याचा साचा यायचा, सोबत शेजारच्या दाताचा रंग लिहून यायचा, आणि साखरबाई ओल्या ब्रशच्या टोकाने थरावर थर चढवत नवा दात उभा करायची. मुळाशी किंचित पिवळट, टोकाला जवळजवळ आरपार दिसणारा. सिगारेट ओढणाऱ्याच्या दाताला ती सिगारेटचा डागसुद्धा द्यायची. नाहीतर तो दात तोंडात पाहुण्यासारखा बसतो, असं तिचं म्हणणं. मग भट्टी, मग पुन्हा थर, पुन्हा भट्टी. समोरच्या दातांचं काम तिच्याशिवाय कुणाच्या हाती जात नसे.

अशा या बाईचं जगात एकाच माणसाशी हाडवैर होतं. तिच्या नणंदेशी.

नणंद एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी खात्यात अधिकारी होती. हातमोज्यांपासून पलंगापर्यंत काहीही विकायला येणारे लोक तिच्या खोलीबाहेर आधी घोटभर पाणी प्यायचे आणि मगच आत शिरायचे. भावापेक्षा धाकटी, पण घरात आवाज तिचाच मोठा. दोनेक वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या वाढदिवसाला सगळे जमले होते. कुणीतरी साखरबाईच्या कामाचं कौतुक केलं. तेव्हा ही नणंद चमचा चाटत म्हणाली, "वहिनीला कामाचा पगार मिळतच नाही मुळी. मान डोलावायचा मिळतो." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो साखरबाईचा नवरा. त्या दिवसापासून तिने नणंदेच्या घराची पायरी चढली नव्हती.

आणि मग लॅबमध्ये नवा कारागीर आला. तिशीतला, बोलका, दुसऱ्या लॅबमधून फोडून आणलेला. मालकाने त्याला साखरबाईच्या शेजारची खुर्ची दिली.

"हिच्याकडून समोरचे दात शिकून घे," मालक म्हणाला. "ही घरचीच आहे. हातचं काही राखणार नाही."

तिने राखलं नाहीच. ब्रशची मूठ हलकेच टिचकावून ओल वर कशी आणायची, ती टिपून कधी घ्यायची, सगळं हात धरून दाखवलं. आठवड्याभरात तो बऱ्यापैकी रुळला, आणि एका दुपारी डबा खाताना त्याने रडगाणं सुरू केलं. "बाई, एवढ्याशा पगारात माणसाने करायचं काय, सांगा." आणि त्याने आकडा सांगून टाकला.

साखरबाईचा घास हातातच राहिला. तो एवढासा पगार तिच्या पगाराच्या जवळजवळ दीडपट होता.

"तुमचं बरंय, तुम्ही जुन्या," तो म्हणाला. "तुमचा तर चांगला तगडा असेल." त्याच्या मनात काहीच काळंबेरं नव्हतं.

"असतो की," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. समोर बसलेली पॉलिशवाली, दातांना चकाकी द्यायचं काम करणारी अबोल मुलगी, तिच्याकडे एकदा बघून पुन्हा खाली बघायला लागली.

त्याच दिवशी साखरबाई मालकाच्या खोलीत गेली. "साहेब, थोडं बोलायचं होतं. म्हणजे, घाई नाहीये तशी..."

मालकाने तिचं अर्धवट ऐकूनच हात वर केला. "अगं, त्याच्या एकट्याच्या डोक्यावर अख्खं घर आहे. तुमच्याकडे दोन पगार येतात. तुझा म्हणजे वरखर्चाचा. आणि तू काय परकी आहेस? घरची माणसं कधी अशी बरोबरी करत बसतात का?"

"बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली.

बाहेर येऊन ती खुर्चीवर बसली, ब्रश उचलला, आणि तिच्या लक्षात आलं की आपली मान अजून हलतेय. मालक समोर नाही, कुणी काही बोलत नाही, आणि मान आपली डोलतेय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकाचा राग आला तो आलाच. पण नणंद तेव्हा खरं बोलली होती, याचा त्याहून दसपट आला.

रविवारी ती नणंदेच्या दारात जाऊन उभी राहिली.

नणंदेने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. "कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही गेलं."

"मग इकडे कशी?"

"मला पगार वाढवून मागायचाय. तुम्हाला भाव करता येतो. मला शिकवा."

"आणि मी का शिकवू?"

"नका शिकवू. पण मग पुढच्या वेळी चारचौघांत माझ्या पगारावर तोंड टाकू नका, वन्सं."

नणंद दारातून बाजूला झाली. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. स्वतः मात्र टेबलामागच्या खुर्चीत रेलून बसली आणि पाय पसरले. "मी तुझा मालक. बोल."

"साहेब, मी काय म्हणत होते, जमलं तर..."

"नाही जमत. जा."

"अहो, पुरतं ऐकून तरी घ्या!"

"तो घेणार आहे? मग मी का घेऊ? पुन्हा."

"साहेब, घरखर्च फार वाढलाय."

"माझाही वाढलाय. जा."

"मुलाची फी..."

"तुझं पोर माझ्याकडे दात करायला येतं का? जा. तुझं घर, तुझा नवरा, तुझं पोर, यातलं काही या खोलीत आणायचं नाही. पुन्हा."

ती संध्याकाळ अशीच गेली. साखरबाईने 'म्हणजे' म्हटलं की नणंद टेबलावर थाप मारायची. 'थोडंसं' म्हटलं की थाप. माफीच्या सुरात हसली तर दोन थापा. "साखरबाई म्हणतात ना तुला?" ती म्हणाली. "लोक तुला विरघळवून पितात, आणि पेला धुवायलाही तुलाच लावतात." साखरबाई जिना उतरली तेव्हा तिच्या कानशिलांत ठणके येत होते. पुन्हा या बयेचं तोंड बघायचं नाही, असं तिने रस्त्याभर घोकलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली.

या वेळी नणंदेने वेगळंच काढलं. "समोरचे दात तू केले नाहीस तर काय होईल?"

"दुसरं कुणीतरी करेल."

"खोटं बोलू नकोस. मी रोज खोटं ऐकते, मला कळतं."

साखरबाईने विचार केला. "चौकातले डॉक्टर काम पाठवायचे थांबतील. ते दोघं नवराबायको डॉक्टर आहेत, तेही. साच्यासोबत लिहूनच पाठवतात, बाईंकडूनच करून हवं म्हणून."

"मालकाला माहितीये हे?"

"त्यालाच तर माहितीये."

"मग रडतेस तू कशाला? त्याला रडू दे." नणंदेने नखांकडे बघत पुढचं सांगितलं. "आधी दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन विचारून ये. जायला दुसरं दार नसलेल्या माणसापुढे मी कधी भावात नमतं घेत नाही. तोही घेणार नाही."

"ही बेइमानी झाली."

"त्याने त्या बाप्याला फोडून आणला ती काय होती? पूजा?"

साखरबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून नदीपलीकडच्या लॅबमध्ये गेली. त्यांनी तिच्याकडून एक दात करून घेतला, तो खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि त्या नव्या कारागिराच्या पगाराच्या आसपासचा आकडा तिथल्या तिथे सांगितला. कधीपासून येता, असंही विचारलं. बाहेर आल्यावर ती त्यांच्याच पायरीवर थोडा वेळ बसून राहिली. इतकी वर्षं आपण फुकाचे आभार मानत आलो, हा विचार तिच्या मनातून जाईना.

"मग मी आता त्याच्याएवढा मागते," पुढच्या रविवारी तिने नणंदेला सांगितलं.

"शिकवणार तू, शिकणार तो, आणि पगार सारखा? त्याच्याहून वर मागायचा. आकडा एकदा सांगायचा आणि तोंड मिटायचं. मिटलेलं तोंड आधी जो उघडेल तो हरतो."

मग पुन्हा ती मालक होऊन बसली. त्या दिवशी तिला चेव चढला होता. "कशाचा गं पगार वाढवू तुझा? काम सोडून घरी पळायला टपलेली असतेस. सासू आजारी होती तेव्हा महिनोन् महिने तोंड दाखवलं नाहीस."

हे मालकाचं बोलणं नव्हतं. मालकाने हे कधी काढलं नव्हतं.

"ती तुमची आई होती," साखरबाई म्हणाली.

नणंदेने पसरलेले पाय आत घेतले.

"तुमची आई होती, वन्सं. तिला उठवणं-बसवणं, न्हाऊ-माखू घालणं मी केलं. बिनपगारी रजा घेऊन केलं. तुम्ही आठवड्यातून एकदा फळांची पिशवी घेऊन यायचात, डॉक्टरांशी चढ्या आवाजात बोलायचात आणि जायचात. आणि लोक म्हणायचे, मुलीने आईचं किती केलं! तुम्ही ते ऐकून घ्यायचात. एकदाही म्हणाला नाहीत की ते मी नाही, वहिनीने केलं."

"सगळ्या औषधांचं मी पाहत होते."

"पाहत होतात. नाही कोण म्हणतंय? मी काय करत होते ते कुणी पाहिलं?"

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"झालं बोलून?"

"झालं."

"मग नीघ."

साखरबाई निघाली. आता शिकवणी संपली, हे तिला सांगावं लागलं नाही.

घरी नवरा वाटच बघत होता. तो एका गोदामात कारकून होता, साधा, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बायको रविवारी-रविवारी बहिणीकडे जाऊ लागल्यापासून त्याचं डोकं फिरलं होतं. "काय मंत्र दिला आज माझ्या बहिणीने?"

तिने आकडा सांगितला. तो ऐकून नवऱ्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. तो आकडा त्याच्या पगाराच्या पुढे जात होता.

"वेड लागलंय का तुला? उद्याच्या उद्या हाकलून देईल तो. तिचं काय जातंय? तिला आपलं घर मोडायचंय. स्वतःचं तर..." पुढचं तो गिळून गेला. साखरबाई वाद न घालता उठून गेली. नवरा बाल्कनीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

सोमवारी ती मालकाच्या खोलीत शिरली तेव्हा मालक हसत होता.

"ये, ये. तू कशासाठी आलीस ते ठाऊक आहे मला. काल तुझ्या नवऱ्याचा फोन होता."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"म्हणाला, साहेब, तिचं मनावर घेऊ नका, कुणीतरी कान भरलेत, नोकरी तेवढी राहू द्या. सज्जन माणूस आहे हो. मी म्हटलं, अरे बाबा, ती आम्हाला मुलीसारखी. जा, काम कर. काही झालंच नाही असं समजू."

पाठ केलेलं एकही वाक्य आता तिच्यापाशी उरलं नव्हतं. नणंदेच्या घरातल्या सगळ्या थापा, सगळं 'पुन्हा, पुन्हा' एका फोनने पुसून टाकलं होतं. तिला तो बाल्कनीच्या बंद दारामागे फोनवर लाचार हसत असताना दिसला, आणि तिचं डोकं एकदम थंड झालं.

"साहेब, त्यांना इथे नोकरीला ठेवायचं असेल तर पगाराचं त्यांच्याशी बोला," ती म्हणाली. "माझं माझ्याशी बोला."

मालकाचं हसू ओठांवरच अडकलं. तिने आकडा सांगितला आणि तोंड मिटलं.

हे सगळ्यात अवघड होतं. ती शांतता भरून काढायला तिची जीभ वळवळत होती. 'नाहीतर राहू द्या' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मग तिने नजर रोवायला एक जागा शोधली. मालकाचा वरचा, समोरचा डावा दात. तो तिनेच केला होता, मालक मोटारसायकलवरून पडला त्या वर्षी. चांगला जमला होता. शेजारच्या दातावर असलेली बारीकशी रेघही तिने त्याच्यात उतरवली होती. ती त्या दाताकडे बघत राहिली.

"अगं, तू तर घरची..." मालकाने सुरुवात केली. ती गप्प. "मंदी किती आहे, तुला कल्पना आहे?" ती गप्प. शेवटी त्याने टेबलावर हात आपटला. "तुला काय वाटतं, तुझ्यावाचून माझं अडणार आहे?"

"हो."

"काय?"

"अडेल, साहेब. नदीपलीकडच्या लॅबने मला बोलावलंय. चौकातले डॉक्टर मी जिथे असेन तिथे काम पाठवतील."

"मला धमकी देतेस? माझ्याच लॅबमध्ये बसून? इतकी वर्षं तुला सांभाळली त्याचे हे पांग फेडतेस?"

"तुम्ही मला सांभाळलं नाहीत. मी तुमच्याकडे काम केलं."

मालक उभा राहिला. त्याच्या मानेची शीर टरारून फुगली होती. "चालती हो. आत्ताच्या आत्ता."

ती आपल्या टेबलापाशी गेली. तिने स्वतःचे ब्रश धुतले, एकेक पुसला आणि कापडात गुंडाळायला घेतले. ते तिने आपल्या पैशाने आणलेले होते. समोर एक अर्धवट दात होता. पुढचा, वरचा, दुपारी चौकातल्या डॉक्टरांकडे जायचा होता. ती त्याला शिवली नाही.

नव्या कारागिराने त्या दाताकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "बाई, हा मला नाही जमायचा," तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला. मालक दारात येऊन उभा होता.

"आत ये," मालक घोगऱ्या आवाजात म्हणाला.

ती गेली, पण बसली नाही.

"अर्धी वाढ आता. अर्धी सहा महिन्यांनी."

"नाही."

"मग पुढच्या महिन्यापासून सगळी."

"या महिन्यापासून." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिचं तिलाच सुचलं. "आणि लिहून द्या."

मालकाने लिहून दिलं. कागद तिच्या हातात दिला नाही, टेबलावर फेकला. "यापुढे लवकर जायचं नाही. उशिरा यायचं नाही. कसली सवलत मागायला माझ्यापुढे उभं राहायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि तो अर्धवट दात पुरा करायला बसली. पहिला थर तिला पुसून पुन्हा चढवावा लागला.

कुणी तिचं अभिनंदन केलं नाही. नव्या कारागिराने तिच्याकडून कागदावरचा आकडा काढून घेतला आणि मग दिवसभर तिच्याशी धड बोलला नाही. संध्याकाळी हात धुताना पॉलिशवाली शेजारी येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"तुम्ही तुमचं उरकलंत, बाई. माझा पगार किती आहे ते कधी विचारलंत?"

साखरबाईने नळ बंद केला. विचारलं नव्हतं. "किती आहे?"

मुलीने सांगितला. साखरबाईने तिला तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

ती घरी पोचली तेव्हा आतून आरडाओरडा ऐकू येत होता. दुपारी तिने नणंदेला फोन करून एवढंच सांगितलं होतं, की मिळाला, आणि तुमच्या भावाने आधीच मालकाला फोन केला होता. नणंद पुढचं न ऐकता फोन ठेवून सरळ इथे येऊन थडकली होती.

"शेपूट घालायची तर स्वतःची घाल ना, दादा! तिची कशाला घालायला गेलास?" ती भावाच्या छातीवर बोट रोवून ओरडत होती. "मालकाच्या पाया पडतोस? लाज नाही वाटली?"

"तू माझ्या घरात येऊन मला शिकवू नकोस!"

"वन्सं, बसा," साखरबाई दारातून म्हणाली.

"तू थांब गं, याला आज..."

"बसा म्हणते ना! हा नवरा माझा आहे. याच्याशी भांडायचं ते मी भांडेन. तुम्ही मध्ये तोंड घालू नका."

नणंद चक्क बसली. साखरबाईने चपला काढल्या, पर्स ठेवली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"का केलात फोन?"

"तुझी नोकरी वाचवायला. मी घाबरलो होतो."

"कशाला? नोकरी जाईल म्हणून, की पगार तुमच्या पुढे जाईल म्हणून?"

त्याने बहिणीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि तिच्याकडे पाहणं टाळलं. साखरबाई गप्प राहिली. आता तिला घाई नव्हती.

"दोन्ही," तो शेवटी म्हणाला.

खरं बोलला हे तिला आवडलं, पण तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "मग घाबरा," ती म्हणाली. "घाबरायला माझी ना नाही. पण माझ्या नावाने पुन्हा कुणाला फोन केलात तर मीही तुमच्या साहेबांना फोन करेन, आणि तुमच्याबद्दल जे खरं ते सांगेन."

नवरा आत निघून गेला. त्या रात्री तो जेवला नाही आणि तिने त्याला जेवायला बोलावलंही नाही. पुढे कितीतरी दिवस त्या घरात भांडी वाजत राहिली, पण माणसं बोलत नव्हती.

नणंद जायला उठली. दारात तिने विचारलं, "आकडा पुरा मिळाला?"

"पुरा. या महिन्यापासून. लिहून."

"म्हणजे कमीच मागितला आपण," नणंद चिडून म्हणाली. तिला खरोखरच चुटपुट लागली होती.

"रविवारी एका मुलीला घेऊन येणार आहे. आमच्याकडे पॉलिशचं काम करते."

"मी काय शाळा काढलीय? आणि कालच तर तू मला..."

"काल जे बोलले ते मागे घेणार नाही मी."

"घे म्हटलंय कुणी?" नणंदेने पायऱ्यांकडे पाहिलं, कठड्यावर हात ठेवला आणि काढला. "आईचं..." ती म्हणाली. पुढचे शब्द आले नाहीत.

"ते एवढ्यात मिटणार नाही, वन्सं."

"माहितीये मला. आणि त्या पोरीला सांगून आण. माझ्याकडे रडलेलं चालत नाही."

"मी सांगेन. पण टेबलावर थापा मारायच्या तर हळू मारा. तिचं वय लहान आहे."

"जास्त शहाणपणा नको," नणंद म्हणाली आणि पाय आपटत जिना उतरायला लागली.